बी नसलेली हिरवळ

पावसाळा सुरू झाला की आमच्या मयेत चिऱ्यांच्या कुंपणांवर, विहिरींच्या आतल्या भिंतींवर आणि कुळागरांतल्या पाटांच्या कडेने नेचे उगवतात. त्यांना फूल नाही, फळ नाही, बीही नाही. तरी दरवर्षी ते न चुकता येतात.

हा धडा शिकवताना मी मुलांना आधी कुंपणापाशी नेते. पानाची पाठ पांढऱ्या भुकटीने माखलेला एक नेचा तिथे असतो. पान हातावर दाबले की पांढरी नक्षी उमटते. आमच्या लहानपणी हा आवडता खेळ होता. या नेच्याचे शास्त्रीय नाव पिटिरोग्रामा. तो मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, पण आता इथे अगदी घरचा झाला आहे. मुलांना वाटते, ही भुकटी म्हणजेच बीजाणू. तसे नाही. भुकटी मेणासारखी असते. बीजाणू त्याच पाठीवर शिरांच्या कडेने काळपट दिसतात.

बीमध्ये इवलेसे रोप आणि त्याची शिदोरी असते. बीजाणू म्हणजे मात्र एकच पेशी. ती वाऱ्याबरोबर दूर जाते. पण ओलावा मिळाला तरच रुजते. त्यातून लगेच नेचा उगवत नाही. आधी नखाएवढा, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्याच्यावर नर व मादी पेशी तयार होतात. नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशीपर्यंत पोचते, तेव्हा कुठे नव्या नेच्याचा जन्म होतो. मोठ्या नेच्याच्या अंगात पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असतात. शेवाळाला त्या नसतात, म्हणून ते जमिनीलगत राहते आणि नेचा उंच वाढतो. पण जन्मासाठी त्यालाही पाणी हवेच.

याच गोतावळ्यातली चार पानांची मार्सिलिया पाणथळ शेतात वाढते. चोडणच्या खारफुटीत उंच नेचे दिसतात. पाण्यावर तरंगणाऱ्या अझोलाच्या पानांत राहणारे सूक्ष्मजीव हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून भातशेतीत तिचा खतासारखा उपयोग होतो.

आता विहिरींना आतून सिमेंटचा गिलावा होतो, चिऱ्यांच्या कुंपणांच्या जागी काँक्रीटच्या भिंती येतात. चिरा सच्छिद्र असतो, तो ओल धरतो. गुळगुळीत गिलावा लवकर वाळतो, आणि त्या नखाएवढ्या पापुद्र्याला जागाच उरत नाही. नेचा कोणी तोडत नाही. त्याचे बालपण तेवढे हिरावले जाते.

विद्यार्थी मित्रांनो, या पावसाळ्यात घरातल्या मोठ्या माणसांसोबत आपली विहीर पाहा. तिथे किती प्रकारचे नेचे आहेत, ते वहीत टिपून ठेवा. आणि घरी गिलाव्याचा विषय निघाला, तर चिऱ्याची एखादी बाजू तशीच ठेवायला सांगा.