विहिरीतील सोडियम

इतिहास हा माझा विषय. तरी त्या दिवशी नववीच्या विज्ञानाच्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. रॉकेलमधून काढलेला, मुगाएवढा सोडियमचा तुकडा पाण्यावर गोळी होऊन सुरसुरत धावला. तोच पूर्णाकाठच्या गावची एक मुलगी उठली, “सर, आमच्या इहिरीच्या खाऱ्या पान्यात सोडियम हाये म्हन्तात. मंग थे काऊन असं धावत नाही?”

हिवरखेडहून दक्षिणेस पूर्णेकडे उतरले की खारपाणपट्टा लागतो. प्रश्न तिथला होता.

सरांनी फळ्यावर मांडले : सोडियमचा अणुअंक ११, इलेक्ट्रॉन २, ८, १. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन देऊन टाकण्यासाठी हा धातू पाण्याशी एवढी झटापट करतो. विहिरीतील सोडियमने तो केव्हाच दिलेला आहे. तिथे उरला आहे तो शांत आयन. मात्र तोच काळ्या मातीचे कण विलग करतो, आणि जमिनीत पाणी मुरेनासे होते.

मला २० मार्च १९२७ आठवला. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा लढा पाण्याला स्पर्श करण्याचा होता. त्यांची ही लेक आता पाण्यात काय आहे, ते विचारत होती. ऐकीव म्हणून स्वीकारू नका, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश याहून वेगळा काय?

दिवाळीनंतर ती विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आली. त्यात बुडवलेली तार बर्नरवर धरताच ज्योत पिवळीधमक झाली.