गप्पीला गिऱ्हाईक नाही

गप्पी मासे विकून घर चालते का, असे वस्तीत आम्हाला बरेच जण विचारतात. विचारण्यात थोडी चेष्टाही असते. गप्पी म्हटला की आपल्या लोकांना आठवतो तो हिवताप विभागाचा माणूस. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत, टाकीत, डबक्यात पालिकेची माणसे गप्पी सोडून जातात, तेही फुकट. मग फुकटात मिळणारी वस्तू तुमच्याकडून पैसे मोजून कोण घेणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा आणि त्रिनिदाद बेटाचा. तिथल्या गप्पी आडनावाच्या साहेबावरून त्याला हे नाव पडले. डबक्यातला गप्पी आणि आमच्या काचेच्या टाकीतला गप्पी मुळात एकच. पण आमच्याकडच्या नराची शेपटी पंख्यासारखी पसरते. कोणी तांबडा, कोणी निळा, कोणी वाघाच्या पट्ट्यांचा. पिढ्यान् पिढ्या निवडून हे रंग तयार केलेले आहेत. मादी मात्र बिचारी मळकट, तिच्याकडे कोणी बघत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्ले देते, साधारण महिन्याला एकदा, एका वेळी वीस-तीस आणि मोठी मादी असेल तर त्याहून जास्त. नराशी एकदा संबंध आला की पुढचे कित्येक महिने नराशिवाय तिची विणे चालू राहतात. आणि भूक लागली तर स्वतःचीच पिल्ले गिळते. म्हणून विण्याच्या वेळी तिला जाळीत वेगळे ठेवावे लागते.

गिऱ्हाईक येते आणि विचारते, "प्युअर आहे ना? ब्लडलाइन कोणती?" हा प्रश्न ऐकला की आम्हा दोघांना हसू आवरत नाही. रंग टिकवायचा म्हणून एकाच घराण्यात भावा-बहिणींची जोडी लावत गेले, तर काही पिढ्यांत पाठी वाकड्या निघतात, पिल्ले कमी होतात, मासा रोगाला लवकर बळी पडतो. मग बाहेरचे रक्त आणावेच लागते. शुद्धतेचे हे गणित आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको.

काम पाण्याचे आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते तसेच ओतले तर मासे तडफडतात. म्हणून पाणी पिंपात भरून दिवसभर उघडे ठेवायचे, मग वापरायचे. आमच्या भागात पाणी एक दिवसाआड येते, तेव्हा पिंपांची रांग घरात आणि टाक्यांची रांग पत्र्याच्या शेडमध्ये. पिल्लांना दाणा चालत नाही, त्यांना जिवंत खाद्य लागते. मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची अंडी दिवसभर उबवून त्यातून निघालेले टाचणीच्या टोकाएवढे जीव गाळून घालायचे. या अंड्यांचा डबा हजारांच्या घरात जातो. थंडीत पाणी गार झाले की मासे सुस्तावतात, आणि रात्री वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो. अशा किती रात्री हाताने मग भरून, वरून पाणी ओतत काढल्या, त्याची मोजदाद नाही.

आता बाजाराचे. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा सगळे घरी बसले. मुलांना विरंगुळा हवा होता, आणि लोकांनी टाक्या घेतल्या. २०२१ मध्ये लाल गप्पीची जोडी आम्ही दुकानदाराला दीडशे रुपयांना दिली आहे. तेव्हा हे जोडधंद्याचे काम होते. पुढे कंपनी बंद पडली आणि जोडधंदाच मुख्य धंदा झाला. पण दीडशेचा भाव ऐकून गल्लोगल्ली लोकांनी टाक्या मांडल्या. गप्पीचे भांडवल ते काय, एक जोडी! वर्षात एकाचे पाचशे होतात. तीच जोडी आज तीस रुपयांना द्यावी लागते, साधा मिश्र माल तर नगावर जातो. पहाटेच्या लोकलने कुर्ल्याच्या बाजारात पिशव्या घेऊन जावे, तर व्यापारी पिशवी उजेडात धरून म्हणतो, "माल पडून आहे, ठेवून जा, विकला तर पैसे." परीक्षांचे दिवस, पावसाळा, पितृपक्ष, ही मंदीची कारणे दरवर्षीचीच. आता मात्र बाराही महिने पितृपक्ष आहे.

आमचा भाचा मोबाईलवर बघून सांगतो की अमेरिकेत लोक घरात अजगर आणि पाली पाळून पिल्ले विकतात. त्यांचीही हीच गत. अजगराचा नवा रंग निघाला की आधी हजारो डॉलर, मग घरोघरी तोच रंग आणि भाव शंभर-दोनशे डॉलरवर. रंगाचा धंदा सगळीकडे सारखाच दिसतो.

याच भाच्याने एकदा सुचवले, "मामा, कासवे ठेवा. लोक वास्तूसाठी मागतात, लक्ष्मी येते म्हणे." मागतात हे खरे आहे. पाठीवर पिवळे तारे असलेले तारा कासव तर हमखास मागतात. ते आपल्याकडच्या कोरड्या माळरानावरचे, गवत खाणारे जनावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळणे आणि विकणे गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. कायदा नसता तरी आम्ही ठेवले नसते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने दुसऱ्याच्या घरी कासवाच्या पाठीवरून लक्ष्मी पोचवायची, हे कसे जमायचे?

पण खरी अडचण कासवाची नव्हती. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असताना सम्यक आजीविकेचा विषय निघाला. भन्तेजींनी अंगुत्तर निकायातले वणिज्जा सुत्त सांगितले. उपासकाने पाच व्यापार करू नयेत : शस्त्रांचा, सत्त्वांचा म्हणजे जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. भन्तेजींनीच पुढे सांगितले, की अट्ठकथेत सत्त्वांचा व्यापार याचा अर्थ माणसांची विक्री असा दिला आहे. आम्ही श्वास सोडला. तरी शेळ्या विकणारे एक काका उठले आणि वाद रंगला. शेवटी मागे बसलेल्या एका आजीने आमच्याकडे पाहून विचारले, "तुम्ही इकता ते मरायला इकता का जगायला?" त्यावर कोणी बोलले नाही.

त्यानंतर पंधराच दिवसांनी एक मोठी मागणी आली. मुलाच्या वाढदिवसाला परतभेट म्हणून दोनशे मासे हवे होते, प्रत्येक मासा मुठीएवढ्या पिशवीत, वर रंगीत फीत. मासा वीस रुपये, म्हणजे चार हजार रोख. मुलीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता तेव्हा तटलेला होता. आमच्यात दोन रात्री बोलणे झाले. एकाचे म्हणणे, मासा विकल्यावर तो घेणाऱ्याचा. दुसरीचे म्हणणे, त्यातले दीडशे दुसऱ्या दिवशी संडासात जाणार, आणि आजीने विचारलेय. टाकी नाही, पंप नाही, पाण्याची माहिती नाही, त्या घरात मासा जगायचा कसा? आम्ही नाही म्हणून कळवले. मागणी दुसऱ्याने पुरी केली. आमच्या नकाराने एकही मासा वाचला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. फीसाठी महिला मंडळाच्या बचत गटातून कर्ज काढले, ते अजून फिटते आहे.

आता नवीन गिऱ्हाईक आले की आधी टाकी किती लिटरची ते विचारतो. काही जण चिडून निघून जातात. काही जण मात्र बसतात, पाणी कसे बदलायचे ते विचारतात आणि तीन महिन्यांनी परत येतात. अशी परत येणारी घरे मोजली तर सध्या एकवीस भरली. घर त्यावर चालत नाही, पण विजेचे बिल निघते. बावीस टाक्यांपैकी आठ धुऊन पालथ्या घातल्या आहेत. उरलेल्या चौदांपैकी तीनमध्ये फायटर ठेवला आहे. त्याचा नर फेसाचे घरटे बांधून अंडी सांभाळतो, हे पाहायला शेजारची पोरे जमतात. त्याला भाव गप्पीपेक्षा बरा आहे, पण प्रत्येक नर वेगळ्या बाटलीत ठेवावा लागतो, नाहीतर एकमेकांना फाडतात.

राहता राहिल्या गप्पीच्या माद्या. त्यांना बाजारात कोणी घेत नाही. डासांच्या अळ्या मात्र त्या नरापेक्षा जास्त खातात. तेव्हा ज्यांच्या घरी वापरायच्या पाण्याचे पिंप उघडे राहते, त्यांनी येऊन चार-पाच माद्या घेऊन जाव्यात, पैसे नकोत. येताना झाकणाचा डबा आणावा. आणि नको झाल्या तर नदीत किंवा तळ्यात सोडू नका, त्या तिथल्या माशांच्या तोंडचा घास पळवतात. आमच्याकडे परत आणून द्या. रविवार सोडून कधीही या. रविवारी आम्ही कुर्ल्याला असतो.