हवेचा साक्षीदार

मनुष्य अन्नावांचून कांहीं दिवस कंठूं शकतो. परंतु श्वासावांचून त्याचें घटकाभरही चालत नाहीं. मोटारीची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं, हें मात्र पुष्कळ थोरांच्याही ध्यानांत नसतें. पेट्रोलाचे पैसे मोजावे लागतात म्हणून त्याचा हिशेब आपण ठेवतों. हवा फुकट मिळते, म्हणून तिची विचारपूस कोणी करीत नाहीं. वस्तुतः वजनानें पाहतां पेट्रोलाच्या एका भागास हवेचे सुमारें १४.७ भाग लागतात. एक लिटर पेट्रोल नीट जळावयास सुमारें ११ किलो, म्हणजे अदमासें ९ हजार लिटर हवा एंजिनास ओढून घ्यावी लागते!

हा हिशेब ठेवण्यासाठीं पुष्कळ गाड्यांत एक लहानसें उपकरण असतें. त्यास एअर-फ्लो सेन्सर म्हणतात. हवा गाळणारा फिल्टर आणि एंजिन यांना जोडणाऱ्या नळींत तें बसविलेलें असतें. त्याच्या पोटांत प्लॅटिनमची केसासारखी तार, किंवा तसाच एक पातळ पापुद्रा असतो. विजेनें ती तार तापविली जाते; वाहती हवा तिला निववूं पाहते. आपण चहावर फुंकर घालतों, त्यांतलाच हा प्रकार. तारेची उष्णता कायम राखण्यास जितकी अधिक वीज लागेल, तितकी अधिक हवा आंत गेली, असें गाडींतील संगणक समजतो आणि त्या मानानें पेट्रोल सोडतो. वाऱ्यांत तापलेली तार किती निवते याचा नियम कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठाचे पदार्थविज्ञानी लुई किंग यांनीं १९१४ सालीं मांडला. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील एक समीकरण पुढें रस्त्यावरील मोटारींत येऊन बसलें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आमची पेट्रोलची गाडी जुनी आहे. मातोश्रींना डोळ्यांच्या उपचारासाठीं दर महिन्यास साताऱ्याहून पुण्यास न्यावें लागे आणि वाटेंत खंबाटकीचा घाट. गेल्या वर्षीं गाडी चढावावर दम टाकूं लागली. पायाखालीं पेडल दाबलें तरी जोर येईना, आणि दोन वेळां तर वाहनांच्या रांगेंतच ती बंद पडली. मागें मालमोटारींचे कर्णे, आंत डोळ्यांस पट्टी बांधलेली वृद्ध माता! समोरच्या फळीवर एंजिनाचा पिंवळा दिवाही लागला होता. एका गॅरेजवाल्यानें दिवा पाहतांच सांगितलें, "सेन्सर गेला, नवा टाका." त्यानें सांगितलेली किंमत मातोश्रींच्या दोन महिन्यांच्या औषधाएवढी होती. उपचार थांबवितां येत नव्हता आणि भरंवसा नसलेल्या गाडींतून त्यांना नेणेंही बरें नव्हतें. म्हणून आधीं आपण स्वतः तपास करावा, असें आम्हीं ठरविलें.

गाडीस जोडावयाचें तपासणी-यंत्र एका स्नेह्याकडून आणलें. त्यानें 'पी ०१७१' असा संकेत दाखविला. म्हणजे मिश्रणांत हवा अधिक व पेट्रोल कमी. परंतु एवढ्यावरून सेन्सर दोषी ठरत नाहीं. त्याच्या पुढची नळी फाटली असेल, तर न मोजलेली हवा आंत शिरते आणि संकेत तोच येतो. म्हणून प्रथम नळी वांकवून वांकवून पाहिली. ती धड होती. फिल्टर मात्र धुळीनें भरला होता; तो बदलला. नंतर एंजिन पूर्ण थंड झाल्यावर, किल्ली काढून, सेन्सरची वायर खिटी दाबून सोडविली आणि दोन स्क्रू काढून तो अलगद बाहेर घेतला.

याच शाळेंत नववींत शिकणारी आमची कन्या बॅटरी धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, यावर तर कांहींच दिसत नाहीं!" खरोखरच डोळ्यांस केवळ एक करडी छटा दिसत होती. परंतु तेवढी धूळही तारेवर गोधडीसारखी बसते. वारा तिला पुरता लागत नाहीं, आणि येते तिच्याहून कमी हवा येत आहे अशी साक्ष ती देते. याच उपकरणासाठीं मिळणारा फवारा कांहीं अंतरावरून मारला. तेथें बोट, कापूस वा कुंचला लावूं नये. ब्रेक किंवा कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवाराही वापरूं नये. जोराच्या हवेनें वाळवूंही नये. तो आपोआप पुरता सुकूं दिला, बाण एंजिनाच्या दिशेस येईल असा बसविला, रबरी कडें जागेवर असल्याची खात्री केली आणि संकेत पुसून टाकला. त्या महिन्यांत गाडीनें घाट न अडखळतां ओलांडला.

हा गुण सात महिने टिकला. नंतर दिवा पुन्हां लागला. या खेपेस संकेत 'पी ०१०२', म्हणजे सेन्सरकडून येणारी खूण फारच क्षीण. वायर व तिचीं टोकें तपासलीं, तीं चांगलीं होतीं. सेन्सर धुऊनही फरक पडला नाहीं. तेव्हां मात्र नवा सेन्सर घेतला. जुन्यावर छापलेला क्रमांक अक्षरशः जुळवून पाहिला. कारण दिसावयास सारखा असलेला दुसरा सेन्सर हवेचें माप निराळें सांगूं शकतो. बसविण्याचें काम पाव तासाचें. तें आमच्या देखरेखीखालीं कन्येनेंच केलें.

खोटी साक्ष देऊं नये, हें आपणां सर्वांस बाळपणापासून शिकविलें जातें. परंतु कांहीं साक्षीदार खोटे नसतात; त्यांच्यावर नुसती धूळ बसलेली असते. त्यांना एकदम हांकलून देणें हा न्याय नव्हे, आणि खरोखर निकामी झालेल्यास दयेपोटीं धरून ठेवणें हेंही शहाणपण नव्हे. आधीं तपास, मग शुद्धि, आणि शेवटीं बदल, हा क्रम यंत्रास लागू आहे. वर्गांत मागें पडलेल्या मुलाकडे पाहतांनाही पालकांनीं यांतल्या पहिल्या दोन पायऱ्या विसरूं नयेत, एवढीच आमची विनंती आहे. मुलांच्या बाबतींत तिसरी पायरी देवानें ठेवलेलीच नाहीं.