उठाबशा

मागच्या रमजानची गोष्ट. आमच्या इमारतीतल्या बायका एकीच्या मोठ्या हॉलमध्ये जमून तरावीह पढतात. आठवी-दहावी रकात असेल. सजद्यातून उठताना उजव्या गुडघ्यात अशी कळ आली की मी शेजारणीचा ओढणीसकट खांदाच धरला. सलाम फेरल्यावर ती हळूच म्हणाली, "आपा, खुर्ची आणू का?" वय तिचंही माझ्याएवढंच. मला नुकतंच ४४वं लागलं होतं. खुर्ची हा शब्द फार झोंबला.

खुर्ची आमच्या घरात आहेच, अम्मीची. उभं राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, इतकी सवलत आपल्याकडे आहे. त्यात कमीपणा काही नाही. पण अम्मी एकदा म्हणाली होती, "कपाळ जमिनीला लागत नाही गं, मन भरत नाही." ते मी विसरले नव्हते. नुसते फर्ज धरले तरी दिवसाच्या १७ रकाती आणि ३४ सजदे. एवढ्या वेळा जमिनीवर जाऊन उठणाऱ्या बाईच्या मांडीत जोर का नसावा? उत्तर पुढे कळलं. वर्गात दिवसभर उभं राहायचं, घरी सोफ्यावर बसून वह्या तपासायच्या आणि उठताना हात टेकायचा. हात टेकला की मांडीचं काम हाताने केलं. वर्षानुवर्षं मी तेच करत होते.

डॉक्टर म्हणाले, झीज नुकती सुरू झालीय, मांड्या मजबूत करा. म्हणून शाळा सुटल्यावर नवीन पनवेलमधल्या एका जिममध्ये बायकांच्या बॅचला जाऊ लागले. शिकवणारी मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. म्हणाली, "मॅडम, आधी नुसतं बसून दाखवा." मी बसले आणि टाचा उचलल्या गेल्या.

मला वाटलं गुडघा दुखतोय म्हणजे चूक गुडघ्यातच. तिने बोट ठेवलं घोट्यावर. घोटा आखडलेला असला की नडगी पुढे झुकत नाही. मग शरीर दोनच वाटा शोधतं. टाच उचलायची, नाहीतर कंबरेतून पुढे वाकायचं. टाच उठली की भार चवड्यावर जातो आणि गुडघ्यावर ताण वाढतो. तिने टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या दोन चकत्या सरकवल्या आणि मी सरळ खाली गेले. जादूच वाटली. दुसरी खोड म्हणजे उठताना माझे गुडघे आत वळायचे. "गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने ठेवा," हे तिने किती वेळा सांगितलं असेल! 'गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये' हा नियम मी कुठूनतरी ऐकून आले होते, तो तिने मोडीत काढला. ज्याची मांडी लांब, त्याचा गुडघा पुढे जाणारच. टाच जमिनीवर आहे ना आणि भार तळपायाच्या मध्यावर आहे ना, एवढं बघायचं.

अब्बांना पैलवानीचं वेड होतं. १९१० साली लंडनला झिबिस्कोशी लढलेला गामा आणि १९५२ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव ही नावं आम्ही पाढ्यांसारखी ऐकली. उर्दूत डंड-बैठक, मराठीत जोर-बैठका. पण तालमीतली बैठक वेगळी. तिथे खाली जाताना टाच उचलली जातेच, हात झुलतात, मोजणी शेकड्यात. खांद्यावर वजन घेतलं की तीच उचललेली टाच दोष ठरते.

बैठकेला शाळेत मात्र एकच नाव, उठाबशा. चौथीत असताना गृहपाठ न केल्याबद्दल मला कान धरून पन्नास काढायला लावल्या होत्या. दोन दिवस जिना उतरता येईना. आणि खरं सांगायचं तर बी.एड. करून नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं मीही मुलांना तीच शिक्षा दिली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, तेव्हा स्टाफरूममध्ये कुरकुर करणाऱ्यांत मी होते. आता आरशासमोर दहाव्या बैठकीला पाय थरथरतात तेव्हा एका मुलाचा चेहरा आठवतो. तो हसत हसत उठाबशा काढायचा आणि मी त्याला निर्लज्ज समजत होते. रडू येऊ नये म्हणून हसत असेल, हे आज सुचतंय.

आठ महिने झाले. पहिले दोन महिने बाकावर टेकून उठणं, मग छातीशी डंबेल धरून, मग नुसती २० किलोची दांडी. आता दांडीसकट ३५ किलो. मध्ये उतावीळपणे वजन वाढवलं आणि तीन आठवडे घरी बसले, तो दोष सर्वस्वी माझा. घोटा अजून पूर्ण वाकत नाही, चकत्या सुटलेल्या नाहीत. पण सजद्यातून हात न टेकता उठते. अत्तहियातला मात्र अजून गुडघा कुरकुरतो.

परवा असरनंतर अम्मी म्हणाली, "मलाही शिकव की." म्हटलं, तुझ्याच खुर्चीवरून, हात छातीशी बांधून उठ आणि हळू बस, धप्पकन नाही. खुर्ची भिंतीला टेकवली आणि मी समोर उभी राहिले. चार झाल्या. पाचव्याला तिने माझा खांदा धरला आणि म्हणाली, "ही मोजू नकोस."