लक्ष

“बोलू नकोस. चालतोय मी.”

बाबा पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा मला लागलं. मंडईतून घरापर्यंत अखंड बोलत येणारा हा माणूस. मी नुसतं विचारलं होतं, चहा टाकू का? उत्तर द्यायला ते थांबले आणि पाय फरशीला चिकटूनच राहिले. त्या वाक्यात तुसडेपणा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. आपली अडचण त्यांनी नेमक्या शब्दांत सांगितली होती.

आपण चालताना चालण्याकडे बघत नाही. भाजीचा हिशेब करतो, कुणाची तरी आठवण काढतो. पायांचं काम मेंदूच्या आतली बेसल गँग्लिया परस्पर उरकते. पार्किन्सनमध्ये तिला डोपामिन पुरवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि जन्मभराची सवय पायांतून निघून जाते. मग एकेक पाऊल मुद्दाम, लक्ष देऊन टाकायचं. लक्ष असं किती असतं माणसाजवळ? बाबांचं सगळं पायांतच खर्च व्हायचं. आमच्या वाट्याला काही उरत नव्हतं.

१८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला, तो अवघ्या सहा जणांवरून. त्यांतले दोघे त्यांना रस्त्यात भेटलेले, एकाला तर फक्त लांबून पाहिलेलं. लांबून जाणाऱ्या माणसाकडे इतकं लक्ष देणाऱ्या त्या डॉक्टरबद्दल मला माया वाटते. बुद्धीला धक्का लागत नाही, असं मात्र त्यांनी लिहून ठेवलं. तेवढ्यावर माझं त्यांच्याशी पटत नाही.

बाबांची चार आठवडे रोज फिजिओथेरपी झाली. इटलीत कोमो सरोवराकाठी ग्रावेदोनाच्या रुग्णालयातही चार आठवड्यांच्याच सघन व्यायामावर बराच अभ्यास झाला आहे, हे मी मागाहून वाचलं. आमच्याकडे पॅसेजमध्ये पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. मेट्रोनोमची टकटक चालू. “काका, टाच आधी! मोठं पाऊल!” पुढे चालता चालता भाज्यांची नावं घ्यायची, मग शंभरातून सात-सात वजा करायचे. पहिल्या आठवड्यात शहाऐंशीला पाय अडकले. बाबा घामाघूम, मला ते सगळं निर्दय वाटायचं. पण चालणं आणि चालताना मोकळं राहणं, दोन्हींचा सराव एकदमच करावा लागतो, हे ती फिजिओथेरपिस्ट मुलगी जाणून होती.

आजार गेलेला नाही. गोळीची वेळ चुकली की दाराच्या चौकटीत ते अजून अडतात.

परवा सकाळी मी फोनवर होते. बाबा पट्ट्यांवरून येरझारा घालत होते, ओठांत पावलं मोजत. एकाएकी म्हणाले, “तीन झाल्या गं. गॅस बंद कर.”

कुकरच्या शिट्ट्या मी ऐकल्याच नव्हत्या. धावत आत गेले. मागून त्यांची पावलं वाजतच होती, टाच, टाच, टाच.