लॉगिन एकीकडे, पाळत सगळीकडे

मी ज्या समाजमाध्यमावर आहे, त्याच्या सेटिंगमध्ये बरंच खाली, इतर साइटवरच्या आपल्या हालचाली दाखवणारं एक पान आहे. त्या यादीत बाबांसाठी श्रवणयंत्र पाहिलं ते दुकान होतं, भाचीच्या लग्नासाठी बघितलेलं मंगल कार्यालय होतं, आणि थायरॉइडची तपासणी बुक केली ती लॅबसुद्धा. यांतल्या एकाही ठिकाणी मी त्या खात्यानं लॉगिन केलं नव्हतं.

हे होतं कसं ते बघायला लॅपटॉपवर क्रोममध्ये लॅबचं पान उघडलं आणि एफ-१२ दाबून ‘नेटवर्क’मध्ये गेलो. भराभर ओळी सरकल्या. त्यांत एक त्या समाजमाध्यमाच्या सर्व्हरची. तिच्यावर क्लिक केलं, तर मी वाचत होतो त्या पानाचा अख्खा पत्ता आणि खाली ‘कुकी’पुढे अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ. माझ्या लॉगिनची खूण ती हीच. जाहिरातींचा हिशेब ठेवायला लॅबनं त्या कंपनीचा कोड पानात बसवला होता. तो दिसत नाही, कुठलं बटण दाबावं लागत नाही. पान उघडलं की ब्राउझर आपणहून ओळखपत्र दाखवून मोकळा! लॉगआउट करून पुन्हा पाहिलं. माळ आखूड झाली, पण गेली नाही.

मग फायरफॉक्सवर आलो आणि मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन घातलं. समाजमाध्यम निळ्या रेघेच्या टॅबमध्ये, बँक हिरव्यात. निळ्यातली कुकी निळ्यातच राहते. लॅबचं तेच पान इथे उघडलं, तर माझ्या लॉगिनची माळ कुठे नव्हती. एरवीही फायरफॉक्स २०२२पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या ठेवतो आणि सफारीनं २०२०मध्येच परक्या (थर्ड-पार्टी) कुकी सरसकट अडवल्या. क्रोमनं मात्र २०२०मध्ये तशी घोषणा केली आणि २०२४मध्ये माघार घेतली. बायकोला क्रोमच हवा होता, म्हणून तिच्या सेटिंगमध्ये थर्ड-पार्टी कुकी बंद केल्या. एका साइटवर तिचं लॉगिन अडलं, माझा उद्धार झाला. तेवढ्या साइटला सूट देऊन टाकली.

यादी हळूहळू रोडावली. पण श्रवणयंत्राचं दुकान पुन्हा उगवलं. यंत्र आम्ही दुकानात जाऊन घेतलं होतं, बिलासाठी मोबाइल नंबर दिला होता. गिऱ्हाइकांचे नंबर आणि ईमेल दुकानं समाजमाध्यमांच्या कंपन्यांकडे पाठवू शकतात. तोच नंबर खात्याला जोडलेला असला की जुळणी होते, मग तुम्ही कुठलाही ब्राउझर वापरा. खात्यातून नंबर काढून टाकला. आता काउंटरवर कुणी नंबर विचारला की मी कागदी बिल मागतो. पलीकडचा पोरगा ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणतो. मी थांबतो. सिस्टीम घेते.