टेस्टिंग झाल्याशिवाय 'डन' नाही

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, दोन आठवड्यांचा असायचा आणि टेस्टिंगच्या वाट्याला त्यातले शेवटचे दोन दिवस यायचे. कोड लिहून झाला की काम 'डन'च्या रकान्यात सरकायचं, डेमोत स्क्रीन दाखवली जायची, आणि बग पुढच्या स्प्रिंटमध्ये आम्हा टेस्टर्सच्या गळ्यात पडायचे. स्क्रम मास्टरचं काम माझ्याकडे येणार असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, आधी नीट अभ्यास करायचा आणि पीएसएम-१ ही स्क्रम मास्टरची परीक्षा द्यायची.

याच कामासाठीचं दुसरं सर्टिफिकेट म्हणजे स्क्रम अलायन्सचं सीएसएम; त्यासाठी ट्रेनरकडे कोर्स करावाच लागतो आणि दर दोन वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसएमला कोर्सची सक्ती नाही की मुदतीची भानगड नाही. पण ६० मिनिटांत ८० प्रश्न सोडवायचे आणि पास व्हायला ८५ टक्के हवेत.

अभ्यासाला पुस्तक म्हणाल तर केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांचं स्क्रम गाइड. २०२० ची आवृत्ती, जेमतेम १३ पानं. मुलं झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पानं घेऊन बसायचे. स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी, ज्यांच्यावरून आमच्याकडे तासन् तास खल व्हायचा, त्यांचा त्यात उल्लेखही नाही. टेस्टर असं वेगळं पदही नाही. इन्क्रिमेंट घडवायला ज्यांचा हात लागतो ते सगळे डेव्हलपर्स, आणि दर्जाची जबाबदारीही सगळ्यांची. त्याखाली मी पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली. पुढे तर स्पष्टच लिहिलंय: डेफिनिशन ऑफ डनमध्ये न बसणारं काम रिलीज करता येत नाही, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये दाखवताही येत नाही, ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत जातं. इतकी वर्षं जे मी मीटिंगमध्ये तळमळून सांगत होते, ते इथे नियम म्हणून छापलेलं होतं.

सरावाला 'स्क्रम ओपन' ही मोफत चाचणी आहे. ती पुन्हा पुन्हा सोडवली. स्प्रिंट रद्द करायचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरला. डेली स्क्रमला स्क्रम मास्टर हजर असलाच पाहिजे असं नाही, कारण ती पंधरा मिनिटं डेव्हलपर्सची. बाजारात तयार प्रश्नांचे संच विकत मिळतात. त्यांची मला मनापासून चीड आहे. असा पाठांतराचा गडी उद्या टीमसमोर उभा राहतो आणि डेली स्क्रमला एकेकाची हजेरी घेत बसतो.

परीक्षा रविवारी सकाळी, घरीच, लॅपटॉपवर दिली. पास झाले. मेल आली तेव्हा घरच्यांपेक्षा आधी टेस्टिंगमधल्या मैत्रिणीला फोन केला.

सोमवारी टीमला घेऊन बसले. 'डन' म्हणजे काय ते सगळ्यांनी मिळून बोर्डावर लिहिलं: कोड रिव्ह्यू झालेला, टेस्ट केलेला, गंभीर बग शिल्लक नाही. त्यानंतरच्या पहिल्याच रिव्ह्यूत दाखवण्याजोगं काम निम्मंच निघालं. प्रॉडक्ट ओनर नाराज होत्या.

"बाकीचं कुठंय?"

"टेस्टिंग बाकी आहे मॅडम, म्हणून दाखवत नाही," आमचा सर्वांत नवा डेव्हलपर म्हणाला.

आता तिसऱ्या-चौथ्या दिवशीच टेस्टिंगसाठी बिल्ड हातात येतं. रिग्रेशन टेस्टिंगही 'डन'मध्ये धरायचं की नाही, यावर अजून आमची जुंपलेली आहे. मी तो मुद्दा सोडणार नाही.